मागच्यानं गप्प बसायचं

"वहिनी, मळीचा रस्ता अजून मोकळा आहे का?"

"हाय की. पाणी चिंचंच्या बुडाला लागलंय. रस्त्यावर न्हाई आलं अजून."

"मग निघा. आत्ता निघा. दादाला सांगा, म्हशी सोड आणि पोरांना ट्रॅक्टरवर घाल."

फोनमध्ये थोडा वेळ नुसता पाण्याचा घोंघाव ऐकू आला. मग शालनवहिनी आवाज खाली आणून म्हणाली, "ते न्हाईत ऐकत, भाऊजी. मोबाइल घिऊन ओट्यावर बसल्यात. म्हणत्यात, पुलाला एक्केचाळीस फूट हाय आन् हालायला तयार न्हाई. रस्ता जातोय पंचेचाळीसला. उगा घाई कशाला?"

मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे चव्वेचाळीस होतं.

"एक्केचाळीस कुठं बघतोय तो?"

"त्या पुराच्या सायटीवर. सगळा नदीकाठ तीच बघतुया की."

ती साईट आम्हीच चालवत होतो. तालुक्याच्या गावात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक आपटे सर, माझ्याबरोबर काम करणारी तबस्सुम आणि मी, एवढीच आमची कंपनी. एरवी आम्ही मंगल कार्यालयांच्या आणि क्लासवाल्यांच्या साईट करत असू. एका वर्षी सरांच्या डोक्यात आलं की पुलावरची पाण्याची पातळी लोकांना मोबाइलवर दिसली पाहिजे. पुलावर एक माणूस बसवला, तो फोन करून आकडा सांगायचा आणि आम्ही तो चढवायचो. दोन-तीन पावसाळ्यांत नदीकाठाला त्या आकड्याची अशी सवय लागली, की दाराशी पाणी आलं तरी लोक आधी मोबाइल बघत.

माझा थोरला भाऊ सर्जेराव, म्हणजे दादा, वाळवंडीच्या मळीत राहायचा. मळी म्हणजे नदीलगतची गाळाची जमीन. सोन्यासारखं पीक येतं आणि पुरात सगळ्यांत आधी तीच बुडते. तिथून वर गावात यायला एकच रस्ता, आणि पुलाला पंचेचाळीस झालं की तो पाण्याखाली जायचा. मग होडीशिवाय गत्यंतर नाही, आणि त्या ओढीत होडी घालायला कुणी तयार होत नसे. घरात दादा, वहिनी, दोन पोरं आणि पायाने अधू झालेली माझी आई होती.

मी स्वतः दादाला फोन करू शकत नव्हतो. म्हणजे करू शकत होतो, पण त्याने उचलला नसता. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. घरची खबर वहिनी परड्यात जाऊन चोरून द्यायची. ही साईट माझ्या हातची आहे हे दादाला ठाऊक नसणार, असं मी धरून चाललो होतो. ठाऊक असतं तर त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

"वहिनी, त्याला सांगा, आकडा चव्वेचाळीस आहे."

"सांगू कसं? कुणी सांगितलं म्हणून इचारतील."

"सांगा काहीही. पुलावरनं कुणी आलं म्हणावं."

"त्यांच्या म्होरं खोटं बोलून कधी निभावलंय का माझं?" वहिनी म्हणाली. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला आणि तिने फोन ठेवला.

मी खुर्चीतून उठलो. "सर, लोकांना एक्केचाळीस दिसतंय."

आपटे सर चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते. भला माणूस, पण स्वतःच्या कामावर भारी खूश. "हातच्या काकणाला आरसा कशाला, जयसिंग? समोर चव्वेचाळीस दिसतंय की. तुझ्या वहिनीने जुनं पान उघडून ठेवलं असेल."

तबस्सुमने स्वतःचा मोबाइल उचलला, ऑफिसचं वायफाय बंद केलं आणि बाहेरच्या नेटवरून साईट उघडली. मग मोबाइल टेबलावर सरांच्या समोर ठेवला.

एक्केचाळीस.

"आपण आतून बघतोय, सर," ती म्हणाली. "लोक बाहेरून बघतायत."

सरांनी कप खिडकीतच ठेवला.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. आदल्या दिवशी सगळा नदीकाठ एकदम साईटवर तुटून पडला आणि आमचा एकुलता एक सर्व्हर आडवा झाला. म्हणून आम्ही भार वाटून घ्यायची सोय केली. लग्नात दाराशी एक जाणता माणूस उभा असतो आणि तो आलेल्या पाहुण्यांना ह्या पंगतीला, त्या पंगतीला पाठवतो, तसा एक सर्व्हर दारात उभा केला. आत वाढायला दोन, एक नंबर आणि दोन नंबर. खुबी अशी, की तिघांनाही पत्ता एकच दिलेला. कारण आतल्या दोघांनी पाहुण्याला थेट वाढायचं, पुन्हा दारातल्याच्या हातून नाही. मात्र बाहेरचा राउटर जेव्हा हाळी देतो, की बाबांनो, हा पत्ता कुणाचा, तेव्हा 'माझा' म्हणायचं ते फक्त दारातल्याने. मागच्या दोघांचाही पत्ता तोच असला तरी त्यांनी गप्प बसायचं. काम करायचं, पण नाव पुकारलं की ओ द्यायची नाही. तशी ताकीद त्यांना घालून ठेवावी लागते.

"दोन नंबरला तांबडा दिवा आहे," तबस्सुम म्हणाली. "दुपारी लाईट गेली तेव्हा तो बंद पडून पुन्हा चालू झाला. तेव्हापासून त्याने नवा आकडा उचललेलाच नाही. म्हणून दारातल्याने त्याच्याकडे माणसं पाठवणं बंद केलंय."

"मग झालं तर," सर म्हणाले. "सगळे एक नंबरकडे जात असणार. तिथे चव्वेचाळीस आहे."

"एक नंबर बघा ना, सर. झोपलाय तो."

खरंच, एक नंबरवर चिटपाखरू नव्हतं. नदी पुलाच्या कमानींना भिडली होती, अख्खा काठ मोबाइलला डोळे लावून बसला होता आणि आमचा सर्व्हर माश्या मारत होता. दुपारपासून ताण उतरला म्हणून सर खूश होते, मीही होतो. वाटणी झकास जमली असंच आम्हाला वाटलं होतं.

"लोक मग जातायत कुठे?" मी विचारलं.

"दोन नंबरकडे. थेट. दाराला वळसा घालून." तबस्सुमची बोटं तोवर चालू लागली होती. "सर, दोन नंबरला गप्प बसायची ताकीद कुणी दिली होती?"

"मी. स्वतः कमांड मारली काल. तू शेजारी होतीस."

"मारलीत. पण फाईलमध्ये लिहून ठेवलीत का?"

सरांनी वाकून फाईल पाहिली; त्यात ती ओळ नव्हती.

तोंडी सांगितलेलं सर्व्हरला लाईट असेपर्यंतच लक्षात राहतं. बंद पडून उठला की जे फाईलमध्ये लिहिलेलं, तेवढंच त्याला ठाऊक. दोन नंबर उठला तो पत्ता घेऊन उठला, कारण पत्ता लिहिलेला होता. ताकीद तेवढी विसरला. आणि उठल्या उठल्या त्याने जगाला ओरडून सांगितलं, की हा पत्ता माझा. राउटरने ते खरं मानलं. तेव्हापासून सगळा नदीकाठ शिळा आकडा बघत होता, आणि ऑफिसात बसून थेट एक नंबर बघणारे आम्ही ताजा. त्या पानावर आकडा असायचा, तो कधीचा ते नसायचं. ते आम्ही पुढे घातलं, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

टेबलावरचा फोन वाजला. पुलावरचा माणूस होता. "साडेचव्वेचाळीस," तो म्हणाला. "वरच्या धरणातनं आणखी पाणी सोडलंय म्हणत्यात. आता भराभर चढंल."

मी उठून सरळ मागच्या खोलीत गेलो आणि दोन नंबरच्या वायरीवर हात टाकला.

"ओढू नको," तबस्सुम दारातून म्हणाली.

"का? तोंडच बंद करतो त्याचं."

"राउटरच्या डोक्यात अजून तोच बसलाय. तू ओढलंस तर राउटर मेलेल्याच्या दारात माणसं पाठवत राहील. तो राउटर आपला नाही, इंटरनेटवाल्यांचा आहे. तो कधी विसरेल ते आपल्या हातात नाही. तोवर कुणालाच काही दिसणार नाही."

"नाही दिसलं तर घाबरून निघतील तरी."

"सगळे निघतील? तुझा भाऊ निघेल?"

मी वायर धरून तसाच उभा राहिलो. दादाला मी ओळखत होतो. साईट बंद पडली तर तो म्हणणार, बंद पडली असंल, मघाशी एक्केचाळीस होतं. आणि तंबाखू मळत बसणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असला माणूस. मी हात काढून घेतला.

"काय करायचं सांग," मी म्हणालो.

"आधी त्याला गप्प करायचं. मग दारातल्याला ओरडायला लावायचं, की पत्ता माझा आहे. क्रम चुकला तर दोघं पुन्हा ओरडत बसतील."

मी दोन नंबरसमोर बसलो. ती सांगत होती, मी टाईप करत होतो. ओळी दोनच होत्या. तरी पहिल्या वेळी अक्षर चुकलं, दुसऱ्या वेळी सर म्हणाले, "सावकाश," आणि मी त्यांच्यावर खेकसलो. ते मुकाट्याने मागे सरले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला तो त्या एकदाच.

"फाईलमध्येही लिही," तबस्सुम म्हणाली. "आत्ताच. पुन्हा लाईट गेली तर?"

मी लिहिलं. मग दारातल्या सर्व्हरने हाळी घातली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. तबस्सुमने मोबाइलवर पान उघडलं.

एक्केचाळीस.

"थांब," ती म्हणाली. "राउटरला ऐकू जायला वेळ लागतो."

थांबणं हा माझा प्रांत नव्हे. दादाचं आणि माझं जे बिनसलं तेही मी थांबलो नाही म्हणूनच, असं गाव म्हणतं. मला ते आजही मान्य नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नदीला नारळ देतात. घाटावर सगळा गाव जमतो, गुरव वरच्या पायरीवर उभा राहून घराघराचं नाव पुकारतो आणि त्या घरचा कर्ता 'हजर' म्हणून पुढे होतो. ओ एकानेच द्यायची. बाकीचं घर मागे उभं. वडील गेले त्या वर्षी गुरवाने पुकारलं, "नलवड्यांचं घर." मी आजूबाजूला पाहिलं, दादा दिसला नाही. नाव पुकारून कुणी ओ दिली नाही तर घराला बट्टा लागतो. म्हणून मी म्हणालो, "हजर." त्याच क्षणी मागून दादाही म्हणाला, "हजर." तो होडीच्या आडोशाला उभा होता. आधी सगळा घाट गप्प झाला आणि मग कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. गुरव नारळ धरून विचारतो, "नलवडे, कर्ते किती तुमच्यात?" दादा घाट चढून निघून गेला. बापाचं तेरावं होऊन वर्ष सरलं नाही तोवर धाकट्याने मान हिसकला, असं त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. मी सांगायला गेलो तर दार लावलं. मग मीही इरेला पेटलो आणि जाणं सोडलं.

"आलं," तबस्सुम म्हणाली.

तिच्या मोबाइलवर साडेचव्वेचाळीस होतं. सरांच्या मोबाइलवरही. एक नंबरवर माणसं धडाधड येऊन आदळू लागली आणि थोड्याच वेळात तो धापा टाकायला लागला. मी वहिनीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग दादाला लावला, तीन वर्षांत पहिल्यांदा. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती' सुरू झालं आणि मी फोन खिशात टाकला.

"जा तू," सर म्हणाले. "माझी गाडी घे. आम्ही आहोत इथे." मग हळूच म्हणाले, "जयसिंग, चूक माझी होती. तुझ्या भावाला तसं सांग."

वाळवंडीला पोचलो तेव्हा मळीचा रस्ता गेलेला होता. जिथे उतार सुरू व्हायचा तिथे तांबडं पाणी गावाच्या दिशेने जीभ काढून पडलं होतं. चिंचेचा बुंधा पाण्यात दिसेनासा झाला होता. कडेला उभ्या असलेल्या एकाला विचारलं, "सर्जेराव नलवडे वर आले का?" तो म्हणाला, "मळीतनं बाकीचे सकाळीच आले. सर्जेरावांचं काय म्हायती न्हाई."

शाळेत गेलो. व्हरांडाभर माणसं, गाठोडी, शेरडं. प्रत्येक वर्गात डोकावलो आणि शेवटच्या वर्गात आई भिंतीला टेकून बसलेली दिसली. शेजारी पोरं बिस्किटं खात होती. वहिनी लुगड्याचा चिंब पदर पिळत होती. मी आईजवळ जाऊन बसलो.

"आलात?" वहिनी म्हणाली, जसं काही मी पाहुणचाराला आलो होतो. "एकाएकी आकडा साडेचव्वेचाळीस झाला बगा. ह्यांनी बघितला आन् जे उठले. आत्याबाईंना, तुमच्या आईस्नी, पाठकुळी घेतलं. ट्रॅक्टरच्या चाकाला पाणी लागलं हुतं वाटंत. मागं वळून बघितलं तर रस्ताच न्हाई."

"पण एवढा वेळ बसलात कशाला, वहिनी? बाकीची मळी सकाळीच निघाली म्हणे. पाणी डोळ्यांना दिसत नव्हतं?"

वहिनीने पदर पिळायचा थांबवला.

"समदे सांगून गेले. पाटील सांगून गेला, पोलीस सांगून गेला. हे एकच धरून बसले. म्हणाले, ती साईट माझ्या जयसिंगाची हाय. आकडा चुकीचा लिवणारा त्यो न्हाई. त्यो जवर पंचेचाळीस म्हणत न्हाई तवर मी उठणार न्हाई."

वहिनी पुढे म्हणाली, "साईट निघाली तवापासनं ठावं हाय त्यांना. पाऊस नसला तरी रोज सकाळी उघडून बगत्यात. उन्हाळ्यात नदीत वाळू असती, तरी बगत्यात."

मी बाहेर आलो. दादा शाळेच्या मागे कडुलिंबाला म्हशी बांधत होता. कमरेपर्यंत चिखल. मला पाहिलं आणि दाव्याची गाठ मारत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "एक्केचाळीसाचं एकदम साडेचव्वेचाळीस कसं झालं रं तुझं?"

तीन वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य. मी सगळं सांगितलं. सरांची चूक सांगितली, लाईट गेल्याचं सांगितलं, एकच पत्ता तिघांना कसा दिलेला असतो ते सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हंजे मागच्यानं गप बसायचं असतं," तो म्हणाला.

"होय."

"आन् म्होरला हाय का न्हाई, ते मागच्याला दिसत नसलं तर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"तर मग अवघड होतं, दादा," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "अवघडच." मग त्याने एका म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं.

पूर ओसरला. घरांना गाळाचे पट्टे राहिले, तरी त्या साली नारळी पौर्णिमा चुकली नाही. मी आदल्या दिवशीच गावी गेलो होतो. घाटाच्या पायऱ्या धुऊन काढल्या होत्या, तरी पाय सरकत होता. दादा माझ्या अगदी शेजारी उभा होता, मला नीट दिसेल असा. मी मनाशी पक्कं केलं होतं. आज तोंड उघडायचं नाही.

गुरवाने हाळी दिली, "नलवड्यांचं घर."

मी ओठ घट्ट मिटले. दादाची ओ यायची वाट पाहिली. ती आली नाही. मी मान वळवली, तर दादा माझ्याकडेच बघत होता, तोंड मिटून. हनुवटीने मला खूण करत होता, जा, तू जा. मी डोळ्यांनी म्हणत होतो, तू. गुरवाने दुसऱ्यांदा पुकारलं. घाट गप्प झाला. आता पुन्हा सगळे हसणार, असं मला वाटलं.

"हजर," मागून आवाज आला.

शालनवहिनी आम्हा दोघांच्या मधून वाट काढत पुढे गेली. डोईवरचा पदर सावरून तिने गुरवाच्या हातातला नारळ घेतला आणि पायऱ्या उतरून पाण्यात उतरली. कुणी हसलं नाही. गुरवाने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

तेव्हापासून आमच्या घराला ओ तीच देते. दादा आणि मी मागे उभे असतो, गप्प.